जिमखान्याच्या स्टोअरमधल्या मामांना आभाराचं पत्र

आदरणीय मामा,
सप्रेम नमस्कार.

सोलापुरातल्या कॉलेजांची मुलंमुली तुळजापूरकडच्या बालाघाटाच्या डोंगरात रॅपलिंग (दोराने कडा उतरणं) करतात, हिप्परग्याच्या तलावापर्यंत सायकल मारतात, नळदुर्ग पाहून येतात. त्याचे फोटो सगळे बघतात आणि कड्यावर उभ्या असलेल्या प्रशिक्षकाचं कौतुकही होतं. स्टोअरच्या खिडकीतून दोर, हेल्मेट, हार्नेस (कमरेला-मांड्यांना बांधायचे पट्टे) मोजून देणाऱ्या माणसाचं नाव मात्र कुठल्याच अहवालात येत नाही. कड्यावरची निम्मी सुरक्षितता तुमच्या त्या खिडकीतून बाहेर पडते, असं आमचं ठाम मत आहे. म्हणून हे आभार सगळ्यांसमोर मानतो आहोत. इतर कॉलेजांच्या जिमखान्यांतही हे पत्र वाचलं जावं आणि तुमची पद्धत तिथे उचलली जावी, ही मनापासून इच्छा.

पहिले आभार दोरासाठी. मोहिमेवरून परत आलेला दोर तुम्ही तसाच गुंडाळून कपाटात कधी टाकत नाही. ताडपत्री अंथरता, एका टोकापासून दोर हातातून इंचाइंचाने सरकवता आणि दर हातभर अंतरावर वाकवून बघता. चांगला दोर वाकवला की गोल फास होतो. जिथे तो कागदासारखा दुमडतो किंवा बोटांना मधेच पोकळ, चपटा लागतो, तिथे आतला गाभा गेलेला असतो, मग वरचं आवरण कितीही नवं दिसो. बालाघाटातला खडक बेसॉल्टचा. त्याची बारीक कच आणि आपल्याकडची काळी माती आवरणातून आत शिरते आणि भार आला की प्रत्येक उतरणीला आतले धागे कापत राहते. दोरावर पाय पडला की तीच कच आणखी खोल जाते. ‘दोर ओलांडायचा, तुडवायचा नाही’ ही तुमची ओरड त्यासाठीच असते, हे नव्या मुलांना उशिरा कळतं.

धुण्याची रीतही तुमचीच आम्ही सगळीकडे सांगतो. साधं गार पाणी, कपड्याची पावडर अजिबात नाही, आणि वाळवायचा तो सावलीत. सोलापूरच्या एप्रिलमधल्या उन्हात गच्चीवर टाकलेला दोर दिवसभरात खडखडीत वाळतो खरा, पण उन्हातल्या अतिनील किरणांनी नायलॉन कमकुवत होत जातं. ओला दोरही सुक्यापेक्षा कमी ताकदीचा, तेव्हा पूर्ण वाळल्याशिवाय तुम्ही तो देत नाही. शिवाय नवा स्टॅटिक (कमी ताणला जाणारा) दोर पहिल्या धुण्यातच थोडा आटतो. ५० मीटरचा म्हणून घेतलेला दोर पुढे दोन-अडीच मीटरने कमी भरू शकतो. तुम्ही धुतल्यानंतर पुन्हा मोजता आणि खरी लांबी टोकाच्या पट्टीवर लिहिता. दोर जमिनीपर्यंत पोचेल हे गृहीत धरून खाली उतरणाऱ्याचा घात याच दोन मीटरने होतो. टोकाला गाठ मारल्याशिवाय दोर खाली सोडायचा नाही, हा नियम त्यामुळेच.

आणि बॅटरीची गोष्ट. स्टोअरमध्ये इन्व्हर्टर ठेवायचं ठरलं तेव्हा तुम्ही दोराचं कपाट आधी दुसऱ्या खोलीत हलवायला लावलंत. अनेकांना तो हट्ट वाटला. बॅटरीतलं सल्फ्युरिक ॲसिड नायलॉन खाऊन टाकतं, नुसत्या वाफेनेही. दोरावर डाग पडत नाही, रंग बदलत नाही, हाताला काही लागत नाही, आणि भार आला की दोर तुटतो. फरशी पुसायच्या ॲसिडचा कॅनही त्याच कारणाने त्या खोलीत नको. जीपच्या डिकीत दोर टाकताना शेजारी जुनी बॅटरी आहे का, हे तुम्ही स्वतः खाली येऊन बघता. या एका सवयीसाठी वेगळं पत्र लिहावं लागलं असतं तरी चाललं असतं.

तुमची दोराची वही आता आम्हाला पाठ आहे: तारीख, जागा, कितीजण उतरले, दोर भिजला का, दगड पडला का, झटक्याचा भार आला का, आणि परत घेणाऱ्याची सही. नोंद कोरी असेल तर पुढच्या वेळी दोर मिळत नाही. एखाद्या प्रशिक्षकाला राग येतो, येऊ दे. वही नसेल तर दोराचं वय फक्त अंदाजाने सांगता येतं, आणि अंदाजावर कुणी लटकू नये.

कॅराबिनर (उघडझाप होणारं दार असलेली धातूची कडी) देतानाही तुम्ही प्रत्येकाचं दार उघडून, सोडून, स्क्रू फिरवून बघता. त्यावर लांबीच्या दिशेने २२ किंवा जास्त किलोन्यूटन (भार मोजायचं एकक) कोरलेलं असतं, पण दार उघडं राहिलं किंवा भार आडवा आला तर तीच कडी जेमतेम ७ ते १० किलोन्यूटन पेलते. दारात वाळू अडकली की ते पूर्ण मिटत नाही. तुम्ही कोमट पाणी आणि जुन्या टूथब्रशने बिजागरी साफ करता, यापेक्षा सोपा उपाय नाही. आठाच्या आकाराच्या डिसेंडरवर (ज्यातून दोर घालून सावकाश उतरतात ते साधन) दोराने खाच पाडली असेल तर तो बाजूला काढता. स्लिंगच्या (दोर झाडाला किंवा खडकाला अडकवायच्या पट्ट्याच्या) बाबतीत कुणी आखूड मागितली तरी तुम्ही लांब देता, तेही दोनऐवजी तीन. दोन आधारांकडे जाणाऱ्या स्लिंगांमधला कोन ६० अंशांचा असेल तर प्रत्येकावर साधारण ५८ टक्के भार येतो, ९० अंशांना ७१ टक्के, आणि १२० अंशांना प्रत्येक आधारावर पूर्णच्या पूर्ण भार. स्लिंग आखूड पडली की कोन आपोआप फाकतो. बालाघाटात माथ्यावर मुरूम जास्त, झाडांची मुळं वरवरची. एकट्या झाडावर विसंबायचं नाही, म्हणून तिसरी स्लिंग.

कड्याच्या धारेवर घालायला तुम्ही हॉस्टेलच्या जुन्या सोलापुरी चादरींचे चौपदरी तुकडे शिवून दिलेत, कोपऱ्यात बांधायला नाडी लावून. प्लॅस्टिकचं पोतं घर्षणाने वितळतं आणि सरकतं. जाड सुती चादर जागची हलत नाही आणि वितळतही नाही. नाडी वर बांधायला विसरलं की मात्र चादर दोन माणसांनंतर खाली घसरते आणि दोर थेट दगडावर येतो. तेव्हा प्रत्येक उतरणीनंतर ती बघायचीच.

खिडकीतला रबरांचा डबाही इथे नोंदवायला हवा. लांब केस, ओढणी, सैल टी-शर्टचं टोक डिसेंडरमध्ये ओढलं जाणं ही रॅपलिंगमधली अगदी नेहमीची अडचण. माणूस मध्यावर अडकतो, केस सुटत नाहीत, घाबरून हात सोडतो. तुम्ही केस बांधल्याशिवाय हेल्मेट देत नाही, टी-शर्ट खोचायला लावता. सोबत ६ मिलिमीटरच्या दोरीचा प्रुसिक (हात सुटला तर मुख्य दोराला आवळून धरणारा फास) देता, तोही मापून. १०.५ किंवा ११ मिलिमीटरच्या दोराला तीन वेढे द्यायचे आणि डिसेंडरच्या खाली, मांडीच्या पट्ट्यात अडकवायचा. हा फास लांब झाला तर वर जाऊन डिसेंडरला टेकतो, सैल होतो आणि ऐनवेळी धरत नाही. शिकाऊ मुलांना याशिवाय वरून वेगळ्या दोराचा बिले (दुसऱ्याने धरलेला सुरक्षेचा आधार) हवाच, आणि त्याचा आधार मुख्य दोराच्या आधारापासून स्वतंत्र.

सायकलवाल्यांचेही आभार यात धरा. बाभळीच्या काट्यांमुळे प्रत्येक गटासोबत दोन जादा ट्यूब, पंक्चरचं सामान आणि पंप देता, आणि मागचा लाल दिवा लागल्याशिवाय सायकल दाराबाहेर जाऊ देत नाही. गळीत हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात, अनेकांना मागे दिवा नसतो. अंधार पडायच्या आत परतायचं आणि एकामागोमाग एक चालवायचं, हे तुमचं सांगणं रास्त आहे.

पाणी माणशी चार लिटर, फेब्रुवारीनंतर दुपारी कड्यावर कुणी नाही, दहाच्या आत सामान आवरायचं. ओआरएसचं एक पाकीट बरोबर एक लिटर पाण्यात; अर्ध्या बाटलीत घातलं तर ते उलट बाधतं. कुणी बरळायला लागलं, अंग तापलं, तर आधी सावली, मान-काख-जांघेत ओली फडकी, मग १०८. डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी, कारण ती उन्हात विटत नाही. अत्तर, डिओ बंदी. कड्याला आणि किल्ल्याच्या भिंतींना आग्या मोहोळ असतं, वास आणि धूर त्याला खपत नाही. माश्या उठल्या तर तोंड झाकून गाडीकडे पळायचं, जागेवर हात झटकत उभं राहायचं नाही. दगड उचलण्याआधी काठीने हलवायचा, फुरसं हा विषारी साप त्याखालीच बसतो. साप चावलाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही. पाय हलू न देता थेट सिव्हिल.

नळदुर्गाला जाणाऱ्यांकडून तुम्ही दोर काढून घेता, हे तर फार बरं करता. तो संरक्षित किल्ला आहे. बोरी नदीवरच्या बंधाऱ्यातला पाणी महाल आणि पावसाळ्यातले नर-मादी धबधबे बघायला पायच पुरेत. तटबंदीच्या चिऱ्यांना दोर बांधायचा अधिकार कुणालाही नाही, आणि शेवाळलेल्या दगडावर कुणी काठाशी जाऊ नये.

जाणाऱ्यांची यादी, रक्तगट, दमा, फिट्स, ॲलर्जी, घरचा फोन आणि परतीची वेळ लिहिलेला कागद तुमच्या खिडकीला लावलेला असतो. ठरल्या वेळेनंतर फोन लावणारा माणूस शहरात जागा आहे, या भरवशावर पालक सही करतात.

एक मागणं आहे. ऑक्टोबरमध्ये हंगाम सुरू होण्याआधी नव्या मुलांना अर्धा दिवस दोर तपासायला शिकवाल का? जिमखान्याची परवानगी आम्ही काढून ठेवतो. बाद केलेल्या दोराचे तुम्ही दोन-दोन मीटरचे तुकडे करता, म्हणजे चुकूनही कुणी तो पुन्हा वापरणार नाही. तेच तुकडे गाठी शिकवायला लागतील, तेवढे बाजूला ठेवा.

आपले ऋणी,
साहसी उपक्रमांतले विद्यार्थी आणि प्रशिक्षक
सोलापूर