मामा तलावाची पाळ वाचवायला हात पाहिजेत, वर्गणी पाहिजे, आणि सह्या पण

गावातल्या आणि नागपूर-पुण्याला कामाला गेलेल्या सगळ्या भावाबहिणींनो, राम राम.

आपल्या मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलावाची पाळ तुडुमाजवळ (पाणी सोडायच्या मोरीजवळ) गळते हे काही नवीन नाही, पण यंदा दिवाळीनंतर तिथून गढूळ पाणी यायला लागलं. मातीच्या पाळीतून नितळ पाणी थोडंफार पाझरतंच, त्याचं एवढं भ्या नाही, पण गढूळ आलं म्हणजे आतली माती वाहून चाललीय आणि पाळ आतून पोकळ होतेय. कोकणातलं तिवरे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटलं, तिथल्या लोकांनी पण गळतीचं आधी सांगितलं होतं. आपल्या पाळीखाली तर टोलीतली घरं आहेत, अंगणवाडी आहे.

मालगुजारी (इकडची जुनी जमीनदारी) गेली, तलाव सरकारकडे गेले, आणि कोहळी समाजानं पिढ्यानपिढ्या सांभाळलेल्या पाळीला वाली उरला नाही, मला तरी असंच वाटतं. 100 हेक्टरपर्यंत सिंचन करणारे तलाव जिल्हा परिषदेकडे येतात, तिथून दरवर्षी निधी नाही हेच ऐकतो. 2021 चा धरण सुरक्षा कायदा मोठ्या धरणांसाठी आहे, आपली बुटकी पाळ त्यात बसत नाही.

म्हणून पक्की दुरुस्ती, म्हणजे नवीन तुडुम, सलंगाची (जादा पाणी जायच्या सांडव्याची) भिंत, पाळीचं पिचिंग (दगडी अस्तर), हे सरकारी पैशातूनच व्हायला पाहिजे, वर्गणीतून होणारं काम नाही ते. जिल्हा नियोजन समितीकडे निधी मागायचा ठराव ग्रामसभेत ठेवतोय, कोरम भरेल एवढे तरी या आणि सही करा, ढिवर भाऊंनी पण यावं, मासळी तुमची आहे.

पण निधी येईपर्यंत मृग थांबत नाही. गळतीची जागा खोदून चिकणमाती दाबून भरायची, सलंग मोकळा करायचा, बेशरमची झुडपं काढायची, एवढं आत्ताच. पाळीवरचे मोठे पळस मात्र कोणी मनानं उपटू नका, मूळ निघालं की तिथूनच पाण्याला वाट होते.

तलावाखाली बांधी (धानाचं शेत) असलेल्यांनी एकरी 500 रुपये, बाहेरगावच्यांनी जमेल तेवढे, ट्रॅक्टरवाल्यांनी दोन दिवस द्या, डिझेल पाणी वापर संस्था देईल. पैसे संस्थेच्या खात्यातच टाका, रोख कुणाच्या हातात देऊ नका, पावती मागून घ्या, हिशोब ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागेल. पावसानं दडी मारली की आपले पऱ्हे (धानाची रोपं) याच पाण्यानं वाचतात.

बुद्ध पौर्णिमेनंतरच्या रविवारी सकाळी 6 ला पाळीवर, कुदळ आणि घमेलं घरून आणा.