दादा, नोटिफिकेशनचं कोडं सुटलं

नमस्कार दादा,

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंत, म्हणून नुसतं ‘दादा’. पण आभार मात्र चारचौघांत मानतोय, कारण आम्ही जिथे अडकलो होतो तिथे अँड्रॉइडवर काम करणारे बरेच जण अडकतात.

आमच्या अ‍ॅपमध्ये नोटिफिकेशनवर टॅप केलं की त्या ऑर्डरच्या तपशिलाची स्क्रीन उघडायला हवी. उघडायचीही, पण कधी आधीच पाहिलेली ऑर्डर दिसे, तर कधी भलतीच, नंतर आलेली. क्रॅश नाही, एरर नाही. टीमने हात टेकले होते. प्रत्येक इंटेंटला (म्हणजे स्क्रीन उघडण्याच्या विनंतीला) ‘न्यू टास्क’ आणि ‘क्लिअर टास्क’ हे टास्क, म्हणजे स्क्रीनची थप्पी, पुसून नव्याने सुरू करणारे फ्लॅग सरसकट लावून टाकू, इथवर गाडी आली होती. (हा उपाय एवढा लोकप्रिय का, देव जाणे. मागच्या सगळ्या स्क्रीन पुसल्यावर बग दिसणार तरी कुठून?)

तुम्ही कोड मागितलाच नाहीत. एवढंच विचारलंत, ‘चुकीची ऑर्डर दिसते तेव्हा ती स्क्रीन आधीपासून उघडी असते की अ‍ॅप बंद असतं?’ त्या प्रश्नासरशी एका बगचे दोन बग झाले, आणि दोन्ही आवाक्यात आले.

स्क्रीन उघडी असतानाचा आधी धरला. ऑनक्रिएट (स्क्रीन नव्याने तयार होताना चालतं) आणि ऑनन्यूइंटेंट (आधीच असलेल्या स्क्रीनला नवा इंटेंट आला की चालतं), दोन्हींत ऑर्डर नंबर लॉग करायला लावलात. दुसऱ्या टॅपला ऑनक्रिएट गप्प! स्क्रीनचा लाँच मोड (ती कशी उघडायची याचा नियम) सिंगलटास्क, म्हणजे तिची एकच प्रत, त्यामुळे नवी स्क्रीन तयार न होता नवा इंटेंट ऑनन्यूइंटेंटमध्ये येत होता, तोही अचूक नंबर घेऊन. पण स्क्रीन माहिती वाचत होती गेटइंटेंटमधून, म्हणजे स्क्रीनपाशी साठवलेल्या इंटेंटमधून, आणि सेटइंटेंट करून तो बदलला नाही तर तिथे पहिलाच इंटेंट बसून राहतो. एक ओळ वाढवली, जुनी ऑर्डर गेली.

अ‍ॅप बंद असतानाची मेख पेंडिंगइंटेंटमध्ये (नोटिफिकेशनसोबत सिस्टीमकडे दिलेला, टॅप केल्यावर चालणारा इंटेंट) होती. दोन पेंडिंगइंटेंट एकच आहेत का, हे ठरवताना सिस्टीम अ‍ॅक्शन, डेटा, कंपोनंट वगैरे बघते. एक्स्ट्राज, म्हणजे इंटेंटसोबत जोडलेली माहिती, बघत नाही. आमचा ऑर्डर नंबर नेमका एक्स्ट्राजमध्ये, रिक्वेस्ट कोड (पेंडिंगइंटेंट वेगळे ओळखायचा आकडा) सगळीकडे शून्य, आणि वर आधीच्याच पेंडिंगइंटेंटमध्ये नवी माहिती भरणारा ‘अपडेट करंट’चा फ्लॅग. म्हणजे दुसरं नोटिफिकेशन आलं की पहिल्याचा नंबरही बदलून जायचा. आता प्रत्येक ऑर्डरला वेगळा रिक्वेस्ट कोड आहे.

मग तुम्ही सवड काढून ‘एडीबी शेल डम्पसिस अ‍ॅक्टिव्हिटी अ‍ॅक्टिव्हिटीज’ ही फोनमधले टास्क आणि त्यांतल्या स्क्रीन दाखवणारी कमांड चालवायला सांगितलंत. ते लांबलचक आउटपुट पाहून मला आधी घेरीच आली. त्यात टास्क कुठे सुरू होतो, कोणती स्क्रीन कुणाच्या वर आहे, हे तुम्ही ओळीवर बोट ठेवून दाखवलंत, तेव्हा रीसेंट्समध्ये (अलीकडे वापरलेल्या अ‍ॅप्सच्या यादीत) आमच्याच अ‍ॅपची दोन कार्डं का दिसतात तेही कळलं: मॅनिफेस्टमध्ये (अ‍ॅपच्या स्क्रीन वगैरे नोंदवायच्या फाइलमध्ये) कुणीतरी कधीकाळी त्या स्क्रीनची टास्कअ‍ॅफिनिटी, म्हणजे ती कोणत्या टास्कमध्ये जायची ती नोंद, रिकामी ठेवली होती. ती ओळ का लिहिली होती हे सांगणारं टीममध्ये कुणी उरलेलं नाही. काढली, आणि काही बिघडलं नाही.

शिवाय टार्गेट एसडीके (अ‍ॅप अँड्रॉइडच्या कोणत्या आवृत्तीसाठी आहे तो आकडा) ३१ वर, म्हणजे अँड्रॉइड १२ वर, नेण्याआधीच तुम्ही सावध केलंत, की अँड्रॉइड १२ पासून नोटिफिकेशनच्या टॅपवर आधी ब्रॉडकास्ट रिसीव्हर किंवा सर्व्हिस (अ‍ॅपचे पडद्यामागे चालणारे भाग) चालवून तिथून स्क्रीन उघडता येत नाही. आमच्याकडे ऑफरच्या नोटिफिकेशनचा मार्ग अगदी तसाच होता. तो बदलून पेंडिंगइंटेंट थेट स्क्रीनकडे वळवलाय.

या सगळ्यात तुमचा वेळ गेला, तोही दुसऱ्या टीमच्या कामासाठी. मनापासून आभार. पुढच्या खेपेला फोन करीन तेव्हा आधी डम्पसिसचं आउटपुट पाठवीन, मग प्रश्न विचारीन.

तुमचा,
शेजारच्या टीममधला