वाऱ्याचा अंदाज ‘९५ टक्के अचूक’, पण किती तास आधी?

महोदय,

न्यूरल नेटवर्क (जुन्या नोंदींवरून शिकणारी संगणक प्रणाली) वाऱ्याचा वेग ‘९५ टक्के अचूक’ सांगते, अशा बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. तो अंदाज किती वेळ आधीचा, हे मात्र त्यात क्वचितच असते. दहा मिनिटांनंतरच्या वेगासाठी ‘आत्ता आहे तेवढाच राहील’ म्हटले तरी आकडा बऱ्यापैकी जुळतो. नेटवर्कची चूक या साध्या ठोकताळ्याच्या चुकीशेजारी मांडायलाच हवी. आलेखात अंदाजाची रेघ प्रत्यक्ष वेगाच्या रेघेसारखी हुबेहूब, पण एक घर उजवीकडे सरकलेली दिसली, तर नेटवर्क मागचाच आकडा पुढे ढकलते आहे.

पवनऊर्जा प्रकल्पांना उद्याचे वेळापत्रक पंधरा मिनिटांच्या ९६ तुकड्यांत आजच द्यावे लागते. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. सेकंदाला ६ मीटरऐवजी ७ मीटर वारा आला, तर ती सुमारे ५९ टक्क्यांनी वाढते. चोवीस तास आधीच्या अंदाजासाठी केवळ मागच्या वेगांच्या नोंदी पुरत नाहीत. हवामान प्रारूपातला, म्हणजे संगणकाने गणिताने वर्तवलेला वारा, दाब आणि तापमानही नेटवर्कला द्यावे लागते.

खरा घोळ नोंदींतच असतो. चक्कीच्या डोक्यावरचा वेगमापक पात्यांच्या मागे असतो, म्हणजे पात्यांनी घुसळलेला वारा मोजतो. वारा ९ मीटर आणि निर्मिती शून्य, अशी ओळ दिसली तर चक्की दुरुस्तीला किंवा ग्रिडच्या आदेशाने थांबलेली असणार. निर्मितीचा अंदाज शिकवताना ती ओळ वगळावी. दिशा अंशांत देऊ नये, साइन आणि कोसाइन या दोन आकड्यांत द्यावी. नाहीतर ३५९ अंश आणि १ अंश नेटवर्कला दोन टोकांचे वाटतात.

सर्वांत फसवी चूक चाचणीत होते. नोंदी पत्त्यांसारख्या पिसून वाटल्या, की १०.१० ची नोंद शिकवणीत आणि १०.२० ची चाचणीत जाते. मग उत्तर अचूक येणारच. संपूर्ण मालिकेवर आधी वेव्हलेट (संथ आणि जलद चढउतार वेगळे करणारी गणिती पद्धत) चालवून नंतर तिचे भाग पाडले, तरीही पुढची माहिती मागे झिरपते. भाग तारखेनेच पाडावेत.

सातारा जिल्ह्यातल्या चाळकेवाडी, वनकुसवडेच्या पठारांवर वर्षातला जोराचा वारा पावसाळ्यात वाहतो. डिसेंबर-जानेवारीत घेतलेली चाचणी तिथे काहीच सिद्ध करत नाही. जून ते सप्टेंबरची, चोवीस तास आधीच्या अंदाजातली चूक वेगळी छापावी, एवढी विनंती.

– पवनऊर्जा क्षेत्रातील एक वाचक, सातारा