मार्बल कटरने रंगीत काच कापा, असं कृपया छापू नका

मा. संपादक, सप्रेम नमस्कार,

गेल्या रविवारच्या पुरवणीत घरच्या घरी स्टेन्ड ग्लास, म्हणजे रंगीत काचेचे तुकडे जोडून केलेलं काम, करण्यावर लेख आला, वाचून खूप बरं वाटलं कारण मराठीत यावर फारसं कोणी लिहीत नाही, पण शेवटी "अवघड आकारांसाठी साधा मार्बल कटरही चालतो" अशी एक ओळ आहे ती वाचून काळजात धस्स झालं, म्हणून लगेच लिहायला बसले. नाही चालत हो. मी अकरा वर्षं हे काम करतेय आणि सुरुवातीला मीही तेच केलं होतं. दुकानातला माणूस म्हणाला, मॅडम, काचेचं ब्लेड टाकून देतो, बिनधास्त चालवा. तीन मिलिमीटरची हिरवी काच होती, मुलगा शेजारी उभा राहून झाकणाला भोक पाडलेल्या बाटलीतून पाणी सोडत होता, फरशीवाले मिस्त्री करतात ना तसं, आणि अर्ध्यात गेल्यावर ब्लेड जरासं तिरकं झालं असेल, काच फाटकन फुटली आणि एक तुकडा मनगटाच्या वर घुसला. चार टाके पडले. मुलाचे डोळे वाचले हे नशीब, आणि हातातल्या चालू मशीनवर पाणी ओतत होतो त्यात शॉक बसला असता तर काय, हा विचार तर तेव्हा डोक्यातही आला नव्हता.

मार्बल कटर मिनिटाला बारा-तेरा हजार फेरे मारतो आणि जातो सरळच, वळणाचं त्याला जमतच नाही, मग अवघड आकार त्यातून निघणार कसे? त्यासाठी असते ती काचेची वेगळी करवत, तिला मुळात दातच नसतात. पात्यावर हिऱ्याची पूड बसवलेली असते, ती काच घासत घासत वाट काढते, म्हणून पाणी सतत लागतं, नाहीतर काच एका जागी तापून तडकते, पातं लवकर बाद होतं आणि काचेची पूड हवेत उडते. लाल, केशरी, पिवळ्या काचेत बरेचदा कॅडमियम आणि सेलेनियम असतं, ते नाकातोंडात जायला नको.

आता करवत घ्यायची कुठली? आधी लागते का ते बघा. कोयरीचं उदाहरण घ्या, बाहेरची गोलाई काचेवर रेघ मारायच्या साध्या हातकटरने रेघ मारून पकडीने छान निघते, पण शेंड्याजवळ जो आत वळणारा बाक असतो तिथे काच रेघ सोडून सरळ धावते आणि नेमकं ते नाजूक टोकच मोडतं. बाक उथळ असेल तर थोडं थोडं तोडून काचेच्या कडा घासायच्या ग्राइंडरवर घासून भागतं. खोल असेल तरच करवत. फ्रान्समधल्या शार्त्र कॅथेड्रलच्या बहुतेक खिडक्या तेराव्या शतकातल्या, त्या काळी कारागीर तापल्या लोखंडाने काचेला तडा द्यायचे आणि कडा कुरतडून आकार आणायचे. आपल्या मुंबईचा राजाबाई टॉवर १८७८ साली पूर्ण झाला, तिथली रंगीत काच एकदा जाऊन बघाच, विजेच्या करवतीशिवाय झालेलं काम आहे ते.

तरी करवत घ्यायचीच असेल तर माझं मत रिंग सॉला. तिचं पातं बांगडीसारखं गोल आणि सगळ्या अंगांनी हिरा लावलेलं, त्यामुळे काच पुढे, मागे, आडवी कशीही सरकवली तरी कापते, चूक झाली तर त्याच वाटेने मागे येता येतं. बँडसॉ, म्हणजे पट्ट्यासारखं पातं फिरणारी करवत, लांब कापाला चांगली पण बऱ्याच पात्यांना हिरा फक्त पुढच्या कडेला असतो, फार लहान वळणात पातं अडकतं, आणि जोडावर तुटतं पण. टाइलवाली टेबल करवत फक्त सरळ पट्ट्यांसाठी. कुठलीही घेतली तरी पात्याच्या जाडीएवढी काच पाण्यात जाते, तेवढं गृहीत धरून रेघेच्या बाहेरून कापायचं.

बाहेरून मागवणाऱ्यांनी व्होल्टेज बघितल्याशिवाय पैसे भरू नका. अमेरिकेतलं मशीन ११० ते १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झचं, आपल्याकडे २३० आणि ५०, थेट लावलं की मोटर जळालीच. ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज उतरतं, हर्ट्झ बदलत नाही, काही मोटरी त्यामुळे हळू फिरतात नि तापतात, म्हणून २३० व्होल्टचं मॉडेल मिळतंय का ते आधी विचारा. मशीन लावाल त्या सॉकेटला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की प्रवाह तोडणारा स्विच, हवाच. आणि वायर सॉकेटच्या खाली लोंबती ठेवा, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी त्या झोलातून खाली टपकतं, सॉकेटमध्ये शिरत नाही. ट्रेमध्ये उरतं ते दुधासारखं पांढरं पाणी बेसिनमध्ये ओतू नका, बादलीत रात्रभर ठेवलं की गाळ बसतो, तो ओला असतानाच पिशवीत बांधायचा. वाळला की पुन्हा धूळच. गॉगल तर पाहिजेच.

सुट्टीत बरीच मुलं तो लेख वाचून आईबाबांच्या मागे लागली असतील. येत्या रविवारी त्याच पानावर, ठळक अक्षरात, मार्बल कटरची ती ओळ मागे घ्या ही कळकळीची विनंती.

– तुमची नियमित वाचक, कोथरूड, पुणे