‘१.७ टक्के’ म्हणजे नेमके किती?

महोदय,

‘अमुक खाल्ल्याने कॅन्सरचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो’ अशी बातमी देताना मूळ धोका किती होता, हेही कृपया छापावे. १०० पैकी ५ जणांना आयुष्यात कधीतरी होणारा कॅन्सर १८ टक्क्यांनी वाढला, तर तो साधारण ६ जणांना होतो. २३ जणांना नव्हे.

स्वतःचा धोका कॅल्क्युलेटरवर काढतानाही असाच घोटाळा होतो. स्तनाच्या कॅन्सरचा धोका काढणारे गेल मॉडेल (गणिती सूत्र) १९८९ सालचे. वय, पाळी कधी सुरू झाली, पहिले मूल कितव्या वर्षी झाले, आई-बहीण-मुलगी यांपैकी किती जणींना हा आजार झाला, स्तनाची बायोप्सी (तुकडा काढून तपासणी) झाली का, अशी माहिती भरली की पुढच्या पाच वर्षांचा धोका कळतो. १.६७ टक्के किंवा जास्त आला, तर ‘जास्त धोका’ धरतात. म्हणजे नेमका १.६७ टक्के आकडा आलेल्या हजार बायकांपैकी साधारण १७ जणींना पाच वर्षांत कॅन्सर होईल, ९८३ जणींना नाही. त्या १७ कोण, हे मॉडेल सांगू शकत नाही.

खरी फसगत पुढे आहे. हा फॉर्म वडिलांकडच्या नात्यांबद्दल विचारतच नाही. आत्या आणि आजी दोघींना चाळिशीच्या आत स्तनाचा कॅन्सर झाला असला, तरी नातेवाइकांच्या रकान्यात शून्यच पडते आणि आकडा दिलासा देणारा येतो! बीआरसीए जनुकातला दोष (याने स्तनाच्या आणि बीजांडकोशाच्या कॅन्सरचा धोका खूप वाढतो) वडिलांकडूनही येतो, प्रत्येक अपत्यात येण्याची शक्यता ५० टक्के. अशा घरांनी टायरर-क्युझिकसारखे, दूरची नाती आणि निदानाचे वय धरणारे मॉडेल वापरावे आणि जनुकीय समुपदेशकाला भेटावे.

जाण्याआधी दोन्ही बाजूंच्या तीन पिढ्यांचा तक्ता करावा: कोणाला, कोणत्या अवयवाचा, कितव्या वर्षी. ‘पोटाचा कॅन्सर’ एवढेच लिहू नये. घरात तसे म्हणतात तेव्हा तो जठराचा, आतड्याचा, यकृताचा किंवा बीजांडकोशाचाही असू शकतो, आणि बीजांडकोशाचा असेल तर सगळे गणित बदलते. जुना बायोप्सी रिपोर्ट शोधाच.

शक्यतो जनुकीय तपासणी आधी कॅन्सर झालेल्या व्यक्तीची करावी. घरातला दोष माहीत नसताना निरोगी मुलीची तपासणी निगेटिव्ह आली, तर ती सुटली की दोष वेगळ्याच जनुकात आहे, हे कळत नाही. जनुकातला ‘अर्थ अनिश्चित’ असा बदल रिपोर्टमध्ये आला, तर केवळ त्यावरून शस्त्रक्रियेचा निर्णय घेऊ नये.

घरात नवे निदान झाले की तक्ता पुन्हा काढावा. जुना आकडा तेव्हा बाद होतो.