ॲल्युमिनियमची केस घडवताना हात देणाऱ्यांचे जाहीर आभार

पत्र्यातून कॉम्प्युटरची केस हाताने घडवणाऱ्या आम्हा सगळ्यांवर काही अनोळखी माणसांचे मोठे उपकार आहेत.

पहिले आभार ६०६१-टी६ ऐवजी ५०५२ पत्रा (दोन्ही ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूंचे प्रकार) घ्यायला लावणाऱ्यांचे. ६०६१-टी६ कडक, कमी त्रिज्येत वाकवला की घडीच्या बाहेरच्या अंगाला तडे जातात. ५०५२ चा २ मिमी पत्रा बिनतक्रार वाकतो. घडीत पत्रा ताणला जातो, म्हणून आधी त्याचीच एक पट्टी वाकवून मोजा, मग मापं आखा, हेही त्यांनीच शिकवलं.

मिनी-आयटीएक्स या छोट्या आकाराच्या मदरबोर्डाच्या स्क्रूच्या भोकांची अंतरं (१५७.४८ आणि १५४.९४ मिमी) टाकून काढलेले आराखडे ज्यांनी हातचं न राखता वाटले, त्यांचे किती आभार मानावेत! भोकं जराशी सरकली की बोर्डाचे मागचे पोर्ट केसला कापलेल्या खिडकीसमोर येतच नाहीत.

आटे पाडायला शिकवणाऱ्यांना मनापासून नमस्कार. एम३ साठी (३ मिमी जाडीचा स्क्रू) २.५ मिमीचं भोक, टॅपला (आटे कापायच्या हत्याराला) रॉकेलचा थेंब, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. मागे फिरवला नाही तर कीस अडकतो, टॅप आतच तुटतो, आणि तो काढणं महाकठीण. कानसेला खडू चोळायची युक्तीही त्यांचीच. दातांत धातू भरत नाही.

ॲनोडायझिंगचा (ॲल्युमिनियमवर विजेच्या प्रक्रियेने चढवलेला ऑक्साइडचा) थर वीज वाहू देत नाही, पॉवर सप्लायच्या स्क्रूखाली तो खरवडा, म्हणजे अर्थिंग मिळेल, असं बजावणाऱ्यांचेही ऋणी आहोत. बोर्ड बसवण्याआधी केस धुऊन वाळवायला त्यांनीच सांगितलं. शॉर्ट व्हायला एक कीस पुरतो.