निर्वासितांना वकील कोण देणार?

संपादक साहेब,
निर्वासितांच्या बातम्या आल्या की तंबू, धान्य, ब्लँकेट एवढंच दिसतं, वकिलाचं नाव कुठेच नसतं. खरंतर जगातले बहुतेक निर्वासित गरीब नाहीतर मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात, आणि हातात कागद नसला की पोलीस कधी उचलतील याचा नेम नाही. मलेशियाने तर निर्वासितांच्या हक्कांबद्दलच्या १९५१ च्या आंतरराष्ट्रीय करारावर सहीच केलेली नाही, त्यामुळे तिथे निर्वासित कोण हे वर्षानुवर्षं संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची एजन्सी मुलाखत घेऊन ठरवत आली आहे, आता मुलाखतीत घाबरलेल्या माणसाने एखादी तारीख मागेपुढे सांगितली की त्याच्या सगळ्या बोलण्यावरच शंका, मग आधी तयारी करून घेणारं कोणी नको का?

केनियाचं बघा. डिसेंबर २०१२ मध्ये सरकारने फर्मान काढलं, शहरातल्या निर्वासितांनी दादाब नाहीतर काकुमाच्या छावणीत जायचं. कितुओ चा शेरिया ही तिथली मोफत कायदेशीर मदत देणारी संस्था कोर्टात गेली आणि २०१३ ला हायकोर्टाने ते फर्मान रद्द केलं. धान्याच्या पोत्यांनी हे झालं असतं का? पण देणगीदारांना पोत्यांचा फोटो काढता येतो, केसच्या फाईलचा काय काढणार! त्यात केस वर्षानुवर्षं चालते आणि फंडिंग मध्येच संपतं, तेव्हा वकिलांसाठी निदान तीन-चार वर्षांची सोय एकदम करायला पाहिजे.

- एक वाचक